पोहरा, रहाट, पाट आणि पाऊस

कास्तील हे स्पेनचं माळरान. त्यातलं आविला गाव समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच, हिवाळ्यात बर्फाचं आणि उन्हाळ्यात ठणठणीत कोरडं. तिथे बाग राखायची म्हणजे निम्मं आयुष्य पाण्यामागे जायचं. १५६५ साली या गावातली तेरेसा नावाची पन्नास वर्षांची कार्मेल संघाची नन आपलं आत्मवृत्त पुरं करत होती. तिची कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंचीच तशी आज्ञा होती. प्रार्थना करता करता माणूस देवाशी एक कसा होतो, हे तिला त्यांना समजावून सांगायचं होतं. लॅटिन ती शिकलेली नव्हती आणि धर्मशास्त्राची परिभाषा तिच्या हाताशी नव्हती, तेव्हा तिने बागेचा दाखला घेतला. बागेला पाणी चार तऱ्हांनी मिळतं, ती म्हणाली: विहिरीतून पोहऱ्याने शेंदून, रहाटाने, ओढ्याचं पाणी वळवून, नाहीतर पावसाने.

मराठी वाचकाला इथे तळटीप लागत नाही. अरबांनी स्पेनमध्ये रुजवलेला तिचा ‘नोरिया’ म्हणजे गाडग्यांची माळ घेऊन फिरणारं चाक. कोकणातल्या वाड्यांत फिरणारं रहाटगाडगं त्याच कुळातलं. पोहरा, दोर, पाट, वाफे, तण हे सगळे शब्द आपल्या घरचे आहेत. म्हणून ख्रिस्ती गूढवादातली देवाशी ऐक्याची कल्पना मराठीत सांगायची तर या चार पाण्यांपासूनच सुरुवात करावी. इतर वाटा आधी तत्त्वज्ञानात शिरतात आणि बऱ्याचदा तिथेच राहतात.

पण पाण्याआधी बाग कोणाची, हे बघायला हवं. तेरेसाच्या दाखल्यात जमीन ओसाड आहे आणि तण माजलेलं आहे. ते तण मालक स्वतः उपटतो, रोपंही तोच लावतो. आपण फक्त माळी. आपलं काम रोपं सुकू न देण्याचं. मालक कधीमधी बागेत फेरफटका मारायला येतो, त्याला फुलांचा वास यावा एवढ्यासाठी ही सगळी खटपट. पुढचं जवळजवळ सगळं या मांडणीतच आलं. साधनेने देव मिळवायचा नाही, तो आधीपासून जमिनीचा धनी आहे. बारा वर्षांनी, १५७७ मध्ये, तिने हीच गोष्ट दुसऱ्या रूपकात सांगितली. आत्मा म्हणजे एकाच स्फटिकाचा किल्ला, त्यात पुष्कळ दालनं आणि मधल्या दालनात राजा. दालनांची कल्पना योहानाच्या शुभवर्तमानातली: पित्याच्या घरात राहायच्या जागा पुष्कळ आहेत, असं येशू शिष्यांना सांगतो. आपण मात्र आपल्याच किल्ल्याच्या बाहेर, पहारेकऱ्यांच्या आवारात जन्म काढतो. आत जायचं दार म्हणजे प्रार्थना. ही दालनं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक नाहीत. खाण्याजोग्या कोंबाभोवती पापुद्रे असलेल्या एका ठेंगण्या ताडाचं उदाहरण ती देते. आपल्याकडे केळीचा काल, म्हणजे खोडातला मऊ कोंब, आठवावा. सगळं त्या गाभ्याभोवती.

आता पहिलं पाणी. विहीर, दोर, पोहरा आणि दुखणारे हात.

तेरेसाने आपल्या भगिनींसाठी लिहिलेल्या दुसऱ्या पुस्तकात याची रीत आहे, आणि ती इतकी साधी आहे की शिकलेल्या माणसाला अपमान वाटावा. आधी क्रुसाची खूण करायची. मग दिवसभराचं मन तपासून चुका कबूल करायच्या. मग एकटं बसायचं नाही, सोबती शोधायचा. येशू शेजारी आहे असं धरून त्याच्याकडे बघायचं. फार विचार करा, थोर कल्पना लढवा, असं मी सांगत नाही. नुसतं बघा, असं ती म्हणते. मन खिन्न असेल तर क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत घाबरलेला येशू, आनंदात असेल तर पुनरुत्थित. मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना सावकाश, एकेका शब्दावर थांबत. जमत नसेल तर हातात पुस्तक ठेवायचं. दोन ओळी वाचायच्या, मिटायचं, पुन्हा उघडायचं. ती स्वतः वर्षानुवर्षं पुस्तकाशिवाय बसत नसे, गर्दीत शिरताना ढाल घ्यावी तसं. नजरेसमोर एखादं चित्र असलं तरी चालेल. तिच्या मठांत यासाठी दिवसातून दोन तास असत, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. संसारी माणसाने वीस मिनिटांपासून आरंभ करावा, पण वेळ घड्याळाने ठरवलेली असावी. मन लागलं म्हणून वाढवायची नाही आणि लागलं नाही म्हणून कमी करायची नाही. मन आत वळवण्याची ही सवय लागायला किती काळ लागतो? तेरेसा आकडा देते: नेटाने केलं तर वर्ष, कदाचित सहा महिने. गूढवादी लेखकांमध्ये इतका रोखठोक हिशेब क्वचितच सापडतो.

इथे बिघडतं ते विहीर आटल्यामुळे. पोहरा खाली सोडावा आणि रिकामा वर यावा, असे आठवडे, महिने जातात. तेरेसाची स्वतःची अशी अठरा वर्षं गेली. पुष्कळदा प्रार्थनेपेक्षा तास संपल्याचा ठोका कधी पडतो याकडेच कान असायचा, हे तिने लपवलेलं नाही. या कोरडेपणाची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे, म्हणून आधी निदान करावं लागतं. ते न केल्याने पुष्कळ लोक वाट सोडतात.

सगळ्यात साधं कारण शरीराचं. आजारपण, हवापालट, थकवा, अपुरी झोप. तेरेसाला यातलं चांगलं कळत होतं. तरुणपणी ती इतकी आजारी पडली की चार दिवस बेशुद्ध होती आणि पुढे जवळपास तीन वर्षं तिचे पाय लुळे राहिले. शरीरच साथ देत नसेल तेव्हा आत्म्याला पिळू नका, असं ती बजावते. प्रार्थनेची वेळ बदला, कोणाची तरी सेवा करा, वाचा, किंवा सरळ शेतावर फिरून या. अशा वेळी जबरदस्ती केली तर दुखणं लांबतं. दुसरं कारण ढिलाई: दिवसभर मनाला कुठेही चरू द्यायचं आणि संध्याकाळी वीस मिनिटं त्याने गप्प बसावं अशी अपेक्षा करायची. याचा उपाय आसनावर नाही, उरलेल्या दिवसात आहे.

तिसरं कारण अवघड आहे. ते नेमकं ओळखायची रीत तेरेसाच्या तरुण सहकाऱ्याने, क्रुसाच्या संत योहानाने दिली. त्याच्या तीन खुणा अशा. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण इतर कशातही वाटत नाही. आपण मागे पडतो आहोत, सेवा करत नाही, अशी टोचणी सतत असते. आणि पूर्वीसारखं चित्र डोळ्यांपुढे आणून चिंतन करू पाहिलं तर कितीही आटापिटा केला तरी ते होत नाही. तिन्ही खुणा एकदम असतील तर ती अडचण नाही, ती बढती आहे. जुनी रीत संपली, आता पोहरा बाजूला ठेवायचा आणि प्रेमाने नुसतं लक्ष देऊन बसायचं. गोडी फक्त प्रार्थनेत नाही पण सिनेमात आणि गप्पांत आहे, तर ती ढिलाईच. आणि कशातच गोडी नाही, देवाची ओढही नाही, टोचणीही नाही, नुसती मरगळ आहे, तर तो आजार असू शकतो. ‘आत्म्याची काळी रात्र’ हा शब्द आज नैराश्यासाठी सर्रास वापरला जातो. त्याने दोन्हीकडची फसगत होते. आजाऱ्याला वैद्याकडे न्यायला उशीर होतो आणि साधकाला उगाच आजारी ठरवलं जातं. तेरेसाने आपल्या मठांच्या वृत्तांतात या उदासीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, तेही मठ चालवणाऱ्या बाईच्या व्यवहारी नजरेने.

पहिल्या पाण्यातली आणखी एक चूक हुशार लोक करतात. पुढची अवस्था वाचलेली असते, म्हणून ते विचार स्वतःच बंद करू बघतात. बुद्धी आपण होऊन थोपवू नका, असं तेरेसा म्हणते. नाहीतर कोरडे, थंड आणि मठ्ठ व्हाल, आणि हाती काहीच लागणार नाही. पाऊस यावा म्हणून पोहरा फेकून देणाऱ्या माळ्याची बाग वाळते.

दुसरं पाणी रहाटाचं. कष्ट आहेतच, पण चाक फिरवलं की पाणी हाताने शेंदण्यापेक्षा जास्त येतं आणि मध्ये विसावाही मिळतो. ही शांततेची प्रार्थना. इच्छाशक्ती, म्हणजे ‘मला तूच हवास’ म्हणणारं मन, कुठेतरी पकडलं जातं आणि हलेनासं होतं. स्मृती आणि कल्पना मात्र मोकळ्याच असतात. ती त्यांना कबुतरं म्हणते. घरचा धनी आयतं दाणापाणी देतो तरी ती दुसरीकडे चरायला उडतात, काही मिळालं नाही की परत येतात. इथे होणारी चूक ठरलेली आहे: इच्छाशक्ती आपली जागा सोडून कबुतरांमागे धावते. त्यांना आणायला गेलेलं मन स्वतःही घराबाहेर पडतं. पुढे किल्ल्याच्या पुस्तकात ती त्याला गिरणीची खडखड म्हणते. खडखड चालू द्या, आपलं पीठ दळत राहा. ध्यानाला बसलेल्या कुणालाही एका ओळीत याहून उपयोगी काही सांगता येईल असं वाटत नाही.

दुसरी चूक ठिणगी विझवण्याची. ही शांतता म्हणजे देवाने पेटवलेली बारीकशी ठिणगी असते. ती दिसली की विद्वान माणूस तिच्यावर ओंडके टाकतो: वचनं, युक्तिवाद, मोठमोठी आभारप्रदर्शनं. नम्रतेने ठेवलेल्या चार काड्यांनी ती जास्त पेटते. म्हणजे एखादा शब्द, तोही मनातल्या मनात, मग पुन्हा गप्प. या अवस्थेत एकच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला तास लागतो, असंही ती सांगते.

तिसरी चूक सगळ्यांत धोक्याची, कारण ती पवित्र दिसते. उपासतापास आणि जागरणांनी शरीर खंगलेलं असतं. त्यात थोडी शांतता लाभली की माणूस तिच्यात विरघळून पडून राहतो आणि तिला समाधी समजतो. तेरेसाच्या ओळखीतली एक व्यक्ती अशी आठ आठ तास पडून राहायची. शुद्ध हरपलेली नसायची, देवाचं काही जाणवतही नसायचं. तेरेसाने स्पॅनिशमध्ये एका अक्षराचा खेळ करून निकाल दिला. ‘आर्रोबामिएंतो’ म्हणजे भावसमाधी, तर हे नुसतं ‘आबोबामिएंतो’, म्हणजे खुळावणं. मराठीत म्हणावं तर समाधी नव्हे, भोवळ. औषध काय? पोटभर जेवण, पुरेशी झोप आणि तपश्चर्येत कपात. त्या व्यक्तीला ते लागू पडलं. मठाच्या प्रमुखांना ती सांगते की अशा भगिनीच्या प्रार्थनेचे तास कमी करा आणि तिला कामाला लावा.

या टप्प्यापर्यंत पुष्कळ जण येतात, पुढे थोडेच जातात, असं तिचं निरीक्षण. त्याचं कारण तिने तंत्रात शोधलेलं नाही. पक्षी बारीक दोऱ्याने बांधला काय आणि जाड दोराने काय, तुटेपर्यंत तो उडत नाही, हे क्रुसाच्या योहानाचं वाक्य इथे लागू पडतं. मोठी पापं सुटलेली असतात. राहतो तो एखादा मान, एखादी अढी, एखादी आवडती खुर्ची.

तिसरं पाणी ओढ्याचं. त्यावर तेरेसा फार रेंगाळत नाही, आपणही नको. पाणी आपसूक वाहतं, माळ्याने फक्त ते वाफ्यावाफ्यात वळवायचं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: दारे धरणे. खोरं घेऊन बांधाशी उभं राहायचं, हा वाफा भरला की दार मोडून पुढचं करायचं. पाणी आणायचं काम संपलं, पण झोपायला जाता येत नाही. मनाच्या सगळ्या शक्ती देवात गुंतल्यासारख्या, तरी हातपाय व्यवहार करू शकतात. शुभवर्तमानातल्या दोन बहिणींपैकी मार्था चूल सांभाळते आणि मरिया येशूच्या पायांशी बसते, इथे दोघी एकाच देहात.

चौथं पाणी पाऊस. माळ्याचा काहीच हात नाही. तो केव्हा येईल हे सांगता येत नाही, आदल्या दिवशी किती पोहरे शेंदले याच्याशी त्याचा हिशेब जुळत नाही, कधी माळी बेसावध असतानाच तो कोसळतो. हीच ऐक्याची प्रार्थना. इथे स्मृती, बुद्धी, कल्पना सगळ्या थांबतात. तेरेसाला विचारलं की हे किती वेळ टिकतं, तर तिचं उत्तर घड्याळातलं आहे: अर्धा तास म्हणजे फार झाला, एवढा वेळ मी कधी त्यात राहिले असं मला वाटत नाही. तासन्‌तास ब्रह्मानंदात बुडाल्याचा दावा करणाऱ्यांसमोर ही ओळ ठेवावी. नंतर तो प्रसंग आठवून सांगता येत नाही, पण आपण देवात होतो आणि देव आपल्यात, ही खात्री राहते, आणि ती वर्षं उलटली तरी जात नाही. खात्री राहिली नाही तर ते ऐक्य नव्हतंच, इतकं ती ठामपणे म्हणते.

१५७७ मध्ये तोलेदोत बसून तिने दोन जूनला किल्ल्याचं पुस्तक सुरू केलं तेव्हा आत्मवृत्ताची प्रत धर्मन्यायालयाच्या ताब्यात होती, त्यामुळे आधी काय लिहिलं ते उघडून बघता येत नव्हतं. त्या पुस्तकात चार पाण्यांची दोनच उरली. दोन हौद आहेत. एकात दुरून नळांनी पाणी येतं, त्याला कारागिरी लागते आणि आवाज होतो. दुसरा झऱ्यावरच बांधलेला, तो गुपचूप भरतो आणि ओसंडतो. आमच्या मते ही सुधारणा आहे. आधी पाणी किती कष्टाने येतं हे ती मोजत होती. आता ते कुठून येतं एवढाच प्रश्न राहिला. आणि झरा किल्ल्याच्या मधल्या दालनातच आहे.

त्या पुस्तकाची सात दालनांत सत्तावीस प्रकरणं आहेत. त्यांतली अकरा एकट्या सहाव्या दालनावर. सहावं दालन म्हणजे दृष्टान्त, आवाज, भावावस्था, देहाबाहेर गेल्यासारखं वाटणं, आणि जोडीला निंदा, आजारपण, न समजणारे धर्मगुरू. आज ज्याला लोक गूढ अनुभव म्हणतात ते सगळं इथे भरलेलं आहे. एवढा विस्तार बघून हेच शिखर असावं असं वाटतं. तो धोक्याचा टापू असल्यामुळे तिने त्यावर इतकं लिहिलं. कोणता आवाज देवाचा, कोणता कल्पनेचा, कोणता सैतानाचा, हे पारखायच्या कसोट्या ती देते: तो शब्द बोलतानाच काम करतो का, मागे शांतता राहते का, तो आठवणीतून पुसला जातो का. आणि सातव्यात गेल्यावर ती गंमत सांगते की तिथे भावावस्था जवळजवळ बंद होतात. तिचं तिलाही त्याचं नवल वाटलं होतं.

पाचव्या दालनातला रेशमाचा किडा प्रसिद्ध आहे. मिरीच्या बारीक दाण्यासारखं अंडं, तुतीचा पाला, कोशाचं घर, आणि त्यातून पांढरं फुलपाखरू. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, असं ती प्रामाणिकपणे नमूद करते. कोश म्हणजे ख्रिस्त. आपण आपलं घर विणतो, त्यातच मरतो. प्रेषित पौलाने गलतीकर ख्रिस्तीजनांना लिहिलं की आता मी जगत नाही, ख्रिस्त माझ्यात जगतो. त्या वचनाचंच हे चित्र.

पण मग तो किडा उरला की नाही? मराठी वाचक इथे थांबतो, आणि थांबायलाच हवं. आपल्या कानांवर अद्वैताचे संस्कार आहेत. ऐक्य म्हटलं की आपण लगेच मिठाची बाहुली समुद्रात सोडतो. तेरेसा दोन पायऱ्या वेगळ्या करते. सहाव्या दालनातलं ऐक्य दोन मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र धराव्यात तसं. ज्योत एक, उजेड एक, तरी मेणबत्त्या वेगळ्या करता येतात. सातव्यातलं ऐक्य पावसाचं पाणी नदीत पडावं तसं, आता कोणतं पाणी आभाळाचं हे वेगळं काढता येत नाही. याला ती आत्मिक विवाह म्हणते. विवाहाला दोघं लागतात, हे त्या शब्दातच आलं. क्रुसाच्या योहानाने नेमकी मर्यादा आखली ती खिडकीच्या काचेवर. काच धुळकट असेल तर सूर्यकिरण तिच्यात शिरत नाही. लख्ख असेल तर ती किरणासारखीच दिसते, किरणच झाल्यासारखी. तरी काच काच असते आणि किरण किरण. ती प्रकाश आहे ती सहभागाने, स्वभावाने नाही. शिवाय प्रत्येक जिवात देव अस्तित्व देणारा म्हणून असतोच, अगदी पाप्यातसुद्धा. ते ऐक्य कधी तुटत नाही. साधनेत जे घडतं ते इच्छेचं ऐक्य: त्याला हवं तेच मला हवं.

ही मर्यादा उगाच आलेली नाही. तेरेसाच्या अडीचशे वर्षं आधी जर्मनीत माइस्टर एकहार्टने उपदेशांत काचेची आठवण न ठेवता किरणाबद्दल बोलायचं धाडस केलं. १३२९ मध्ये पोप बाविसावे योहान यांनी त्याची अठ्ठावीस विधानं आक्षेपार्ह ठरवली, तेव्हा तो वारला होता. त्यातलं एक असं: ख्रिस्तप्रसादाच्या संस्कारातली भाकर जशी ख्रिस्ताचं शरीर होते तसे आपण पूर्णपणे देवात पालटतो. भाकर तर उरतच नाही. मग प्रेम कोण करणार? एकहार्ट आपल्याला जवळचा वाटतो आणि त्याच्या बचावात पुष्कळ सांगता येण्यासारखं आहे. पण जिथे भक्तच उरत नाही तिथे भक्तीचं काय, हा पेच वारकऱ्यांनाही नवा नाही. त्यांनीही अद्वैत मान्य करून वर भक्तीचं सुख मागितलंच.

तेरेसाच्या मांडणीला आणखी एक खुंटा आहे, आणि तो उपटला तर सगळं वेगळं होतं. तिच्या काळातले काही गुरू सांगत की प्रगत साधकाने ख्रिस्ताचा देह, त्याचं माणूसपण मागे टाकावं आणि निराकारात शिरावं. तिने काही काळ ते ऐकलं आणि नंतर त्याला विश्वासघात म्हटलं. आम्ही देवदूत नाही, आम्हाला शरीर आहे, असं तिचं म्हणणं. आत्मवृत्तात आणि पुन्हा सहाव्या दालनात तिने यासाठी एकेक प्रकरण खर्च केलं. शंभर वर्षांनी रोममध्ये मिगेल दे मोलिनोसने निष्क्रियता हीच पद्धत करून टाकली: मोहाचा प्रतिकारसुद्धा नको, सगळं सोडून द्या. १६८७ मध्ये त्याची अडुसष्ट विधानं निषिद्ध ठरली आणि तो कैदेत मेला. दारे धरणाऱ्याने खोरंच टाकून दिलं तर पाणी वाहतंच, पण वाफे फोडून.

ऐक्य खरं की भास, हे ओळखायचं कसं? डोळे मिटून ते कळत नाही, यावर ती फार कडक आहे. देवावर आपलं प्रेम आहे की नाही हे नक्की सांगता येत नाही, शेजाऱ्यावर आहे की नाही हे सांगता येतं. एखादी भगिनी आजारी असेल तर ध्यान मोडून तिच्याकडे जा, आपली भक्ती आटेल ही भीती धरू नका. तिला दुखत असेल तर तुम्हाला दुखू द्या. तिला खायला मिळावं म्हणून उपास करावा लागला तर करा. प्रार्थनेत डोकं गुंडाळून, विचारही हलू न देता बसणाऱ्या भगिनींना बघून तिला कळतं की त्यांना वाट फारशी उमगलेली नाही. त्यांना वाटतं सगळं तिथेच आहे. नाही, प्रभूला कृती हवी. सातव्या दालनाच्या शेवटी ती हेच दोनदा म्हणते: कृती, कृती. आणि स्वयंपाकघरात नेमणूक झालेल्या भगिनींना ती सांगते की देव भांड्याकुंड्यांतही फिरत असतो.

तिची परंपरा आपल्यापासून फार दूर नाही. १६२२ मध्ये संतपद जाहीर झालं ते तिचं आणि जुन्या गोव्यात ज्याचं शरीर आहे त्या फ्रान्सिस झेवियरचं एकाच दिवशी, बारा मार्चला. तिच्या संघाचे, तिने सुधारलेल्या शाखेतले ‘अनवाणी’ कार्मेलवासी गोव्यात आले, आणि १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईतली चर्चेस पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांकडून काढून त्यांच्याकडे सोपवली.

किल्ल्याचं पुस्तक तिने २९ नोव्हेंबर १५७७ रोजी आविलात संपवलं. सातवं दालन, अखंड शांती, आत्म्याच्या मध्यभागी राजा. दोन डिसेंबरच्या रात्री तेरेसाने संघात चालवलेल्या सुधारणेला विरोध करणाऱ्या त्याच संघातल्या लोकांनी क्रुसाच्या योहानाला पळवून नेलं. पुढे आठ महिन्यांहून अधिक काळ तो तोलेदोत दहा फूट लांब नि सहा फूट रुंद कोठडीत होता. चार डिसेंबरला तेरेसाने राजा दुसऱ्या फेलिपेला पत्र लिहिलं. तो मूर (मुसलमान) लोकांच्या हाती पडला असता तर बरं होतं, त्यांना कदाचित जास्त दया आली असती, असं त्यात स्पष्ट लिहून तिने त्याच्या सुटकेचा हुकूम मागितला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती मठाच्या जिन्यावरून पडली आणि डावा हात मोडला. उजव्या हाताने तिची पत्रं चालूच होती.